सोन्याच्या स्फटिकावरचं कुंकू

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. शुद्धलेखन चुकलेलं असणार, आणि अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखं. ही वही कोणाच्या हाती पडलीच तर तेवढ्याबद्दल माफी असावी. बाकी कशाबद्दल मी माफी मागणार नाही.

मला चारचौघांत बोलता येत नाही. लहानपणापासूनच. समोर माणूस खुर्चीवर बसलेला असला की माझा घसा कोरडा पडतो आणि आवाज कुठेतरी खाली राहून जातो. लोकांना वाटतं, हिला काही म्हणायचं नाही. म्हणायचं खूप असतं. ते इथे लिहिते.

मी एका मोठ्या संशोधन संस्थेत झाडलोट करत होते. संस्थेचं नाव लिहीत नाही, त्यांना नावाची कमी नाही. पूर्वी तिथे सफाईची माणसं कायम नोकरीत असायची, त्यांना पेन्शन होतं. मग देशात नवं वारं आलं म्हणे, आणि आमच्यापर्यंत ते ठेका होऊन पोचलं. ठेकेदाराला आम्ही कधी पाहिलं नाही. त्याचा सुपरवायझर यायचा, स्कूटरवरून, कमरेला पेजर लावून. तो पेजर वाजलेला मी कधी ऐकला नाही.

वारज्याहून स्वारगेट, तिथून दुसरी बस, मग चालत. माझ्याकडे तळमजल्यावरची लॅब होती. मधोमध स्टीलचं एक धूड, गोल पोटाचं, चहूबाजूंनी नळ्या आणि काचेची भोकं. त्याच्या पोटातली हवा पंपाने ओढून काढलेली असायची. ती पुरती निघावी म्हणून सगळ्या यंत्राला डब्यातल्या पोळ्यांना गुंडाळतात तसला चांदीचा कागद लपेटायचे आणि दिवसचे दिवस तापत ठेवायचे. मला नियम होते. टेबलावरच्या कशाला हात लावायचा नाही. फिनेल वापरायचं नाही. फडकं झटकायचं नाही. नियम लॅबचे प्रमुख सर घालत, पण मला सांगत नसत. मी समोर उभी असताना ते टेक्निशियन काकांना म्हणत, "तो कोपरा पुसून घ्यायला सांगा." काका माझ्याकडे बघत. मी कोपरा पुसत असे.

तिथे एक मुलगी डॉक्टरेट करत होती. मी तिला ताई म्हणायची, ती मला मावशी. वर्षातून एकदा शाळेतली मुलं लॅब बघायला येत, आणि त्यांच्यापुढे मराठीत बोलायचं काम सरांनी तिच्यावर टाकलं. एका दुपारी तिने मला हाक मारली.

"मावशी, जरा बसा. तुम्हाला कळलं तर चौथीच्या मुलांना कळेल."

हे तिने चांगल्या मनाने म्हटलं होतं. पुण्यात बरेच अपमान चांगल्या मनाने होतात. मी स्टुलावर बसले.

"इलेक्ट्रॉन माहिती आहे?"

"विजेचा असतो तो."

"बरोबर. तर प्रत्येक इलेक्ट्रॉनला स्पिन असतं. म्हणजे समजा, तो भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरतो."

"कशावर?"

"कशावर नाही. खरं तर तो फिरतच नाही."

ताईने खडू खाली ठेवला.

"थांबा. भोवरा सोडा. बारीक लोहचुंबक समजा. त्याचं टोक कुणीकडे आहे असं विचारलं तर तो दोनच उत्तरं देतो. तुम्ही धरलेल्या दिशेला, नाहीतर बरोबर उलट. मधलं काही नाही."

मग तिने जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. धातूच्या पोटात इलेक्ट्रॉन सगळीकडे पळत असतात. तिथे त्यांच्या चारी बाजूंना सारखंच असतं, म्हणून कोण कुठे पळतो आणि त्याचं टोक कुणीकडे आहे याचा एकमेकांशी संबंध लागत नाही. पण धातूच्या अगदी वरच्या थरात तसं नसतं. खाली सगळा धातू, वर काहीच नाही. त्या एकतर्फीपणामुळे तिथे विजेची एक ओढ असते. त्यातून जो जोरात पळतो त्याला ती ओढ चुंबकासारखी जाणवते, आणि तो चुंबक कुणीकडून लागेल हे पळण्याच्या दिशेवर ठरतं. म्हणून इकडे पळणाऱ्याचं टोक एका कुशीला वळतं आणि तिकडे पळणाऱ्याचं दुसऱ्या. हलक्या धातूत हे जेमतेम दिसतं. सोनं जड, म्हणून सोन्यात ठळक दिसतं.

"आणि हे दिसतं कसं?" मी विचारलं.

"न दिसणारा प्रकाश मारून इलेक्ट्रॉन बाहेर उडवायचे, आणि कोण कुठल्या कोनात किती जोराने आला ते मोजायचं. त्याचं चित्र काढलं की नुसती एक वाटी दिसायला हवी." तिने फळ्यावर वाटीचा काठ काढला. "पण सोन्यावर दोन दिसतात. एकमेकींत अडकलेल्या, थोड्या बाजूला सरकलेल्या. एक वाटी एका टोकाच्या इलेक्ट्रॉनची, दुसरी उलट टोकाच्या. मला त्या दोन वाट्या स्वच्छ वेगळ्या दिसायला हव्यात. माझी डॉक्टरेट त्यावर आहे."

"नाही दिसल्या तर?"

"पृष्ठभाग घाण असला तर नाही दिसत. अणूंचा एक थर मळ बसला तरी संपलं."

मला ते ऐकायला आवडलं. त्यानंतर लादी पुसताना मी त्या धुडाकडे जरा वेगळ्या नजरेने बघायची. ताईला मी हे सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

त्याच वर्षी जर्मनीहून सोन्याचा स्फटिक आला. शर्टाच्या बटणाएवढा, एका बाजूने आरशासारखा घासलेला. पूर्वी असली वस्तू मागवायची तर परवान्यातच माणूस म्हातारा होई, आता कुरिअरने येते, असं सर आल्यागेल्याला सांगत. स्फटिक काचेच्या झाकणाखाली टेबलावर होता. पुढच्या आठवड्यात तो यंत्रात जायचा होता, आणि मध्ये खंडेनवमी आली.

खंडेनवमीला तिथे यंत्रांची पूजा होते. वर्कशॉपमधल्या लेथला हळदीकुंकू, ड्रिलला झेंडू, आणि लॅबमधल्या धुडाच्या बाहेरच्या चौकटीला एक माळ. चौकटीलाच. यंत्राच्या अंगाला बोट लावायचं नाही एवढी अक्कल सगळ्यांना होती. पेढे वाटतात. शिकलेली माणसं त्या दिवशी रांगेने उभी राहून पंपाला नमस्कार करतात.

मी तिथे कधीच नसते. आम्ही बौद्ध. दसऱ्याला आम्ही नागपूरला दीक्षाभूमीवर जातो, माझ्या सासऱ्यांपासूनची रीत आहे. खंडेनवमीच्या आदल्या दिवशीच निघावं लागतं, गाडीला पाय ठेवायला जागा नसते. सुपरवायझर म्हणायचा, "जा तू, हजेरीचं मी बघतो." पहिल्या वर्षी मला वाटलं, माणूस बरा आहे. नंतर कळलं, वहीत माझी हजेरी लागते, संस्थेकडून तो त्या दिवसांचे पैसे घेतो आणि माझ्या पगारातून ते दिवस कापतो. हजेरी माझी, पैसे त्याचे.

त्या वर्षी परत येऊन कामावर गेले तर लॅबमध्ये कोणी कोणाशी बोलत नव्हतं. स्फटिकाच्या आरशावर ओरखडे होते. कोणीतरी कशाने तरी घासून पुसला होता. सोनं मऊ असतं. आता तो पुन्हा जर्मनीला पाठवून घासून घ्यायचा, त्याचा खर्च, आणि ताईचे महिने वाया. सुपरवायझर मला सरांच्या खोलीत घेऊन गेला.

सर काकांना म्हणाले, "विचारा त्यांना, कुठल्या फडक्याने पुसलं."

काका माझ्याकडे बघेनात.

मला म्हणायचं होतं, मी त्या दिवशी पुण्यातच नव्हते. घसा कोरडा पडला. मी मान हलवली, नाही अशी. सर म्हणाले, "नाही म्हणजे काय? दुसरं कोण पुसतं इथे?" आणि सुपरवायझर लगेच, "सर, हिच्या पगारातून कापतो. दर महिन्याला थोडं थोडं. तुम्ही काळजी करू नका."

बाहेर आल्यावर तो मला जिन्याखाली म्हणाला, "नागपूरचं नाव काढलंस तर उद्यापासून येऊ नको. वहीत तू हजर आहेस."

म्हणजे मी हजर होते. लॅबमध्ये रोज हजर असताना मी कोणाला दिसत नव्हते, आणि नव्हते त्या दिवशी सगळ्यांना दिसले.

पगाराचा तिसरा हिस्सा जायला लागला. त्या पैशांवर माझ्या मुलीचा कॉम्प्युटरचा क्लास होता. ती बारावी झाली होती, आणि तेव्हा स्वारगेटच्या चौकात उभं राहिलं तर चारी दिशांना कॉम्प्युटर क्लासच्याच पाट्या दिसत. क्लासवाल्याला पहिला हप्ता भरला होता. दुसरा चुकला तशी त्याने तिची जागा दुसऱ्याला दिली. वर म्हणाला, पुढच्या बॅचला या, पण फी एकरकमी. मुलगी झेरॉक्सच्या दुकानात उभी राहायला लागली.

"आई, तू तिथे नव्हतीस हे सांगितलं का नाहीस?"

"आवाज नाही निघाला."

"मग मी येते सांगायला."

"येऊ नको. माझं मी बघते."

"कधी बघतेस? माझं लग्न झाल्यावर?"

हे तिने मला टोचायला म्हटलं, आणि ते टोचलं.

कोणी केलं ते मला काकांकडून कळलं. चहाच्या वेळी ते बशीत फुंकर मारत हसत होते.

"सांगू नका कुणाला. सर फोनवर होते. वहिनी आल्या होत्या पूजेला. झाकण काढून म्हणाल्या, अगबाई, हेच का ते जर्मन सोनं? बोट कुंकवात होतंच. उद्या दसरा, समोर सोनं. टेकवलं बोट. मी म्हटलं, अहो वहिनी, त्याला नाही. तशा घाबरल्या आणि पदराने खसाखसा पुसलं. पदराला जर होती."

वहिनी म्हणजे सरांची बायको. मी विचारलं, "मग सरांना का नाही सांगितलं?"

"अहो, मला पेन्शन घ्यायचंय."

"माझा पगार जातो."

"थोडाच जातो ना," काका म्हणाले, आणि बशी तोंडाला लावली. पेन्शनवाल्याला सगळं थोडंच वाटतं.

स्फटिक जर्मनीला पाठवण्याआधी ताईने तो यंत्रात घालून तपासला. पृष्ठभागावर कुठली कुठली मूलद्रव्यं आहेत हे त्यातला एक भाग सांगतो. तिने कागद घेऊन सरांची खोली गाठली तेव्हा मी तिथे कपाटाखाली पुसत होते. कोणी मला बाहेर जा म्हटलं नाही, खुर्चीला कोणी बाहेर जा म्हणत नाही.

"सर, फडक्याचा मळ वाटत नाही. ओरखड्यांत कॅल्शियम आहे. भरपूर."

"मग?"

"चुना, सर. हळदीला चुना लावून कुंकू करतात. मला वाटतं, कुंकू आहे."

सरांनी कागद पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे पूजेच्या ताटात हात घातले आणि त्याच हातांनी हिने पुसलं."

"हिने" म्हणाले. आजवर माझ्याबद्दल निदान "त्यांनी" असं म्हणत.

मी उठले. गुडघे ओले होते. आवाज बारीक निघाला, पण निघाला.

"मी नागपूरला होते."

"काय?"

"खंडेनवमीला मी पुण्यात नव्हते. नागपूरला होते."

"नागपूरला कशाला?"

"दसऱ्याला नागपूरला कोण जातं, ते तुम्हाला माहीत असेल. आमच्या घरात कुंकू नसतं."

ताई खिडकीबाहेर बघायला लागली. सर म्हणाले, "मी कोणाची जात विचारली नव्हती."

"विचारली नव्हती, म्हणून सांगितलं."

"हजेरीत तर तुम्ही आहात."

"ते सुपरवायझरला विचारा. तो माझी हजेरी लावतो आणि पैसे स्वतः घेतो."

काका दारात उभे होते, केव्हा आले कोण जाणे. सरांनी त्यांना विचारलं, "मग त्या दिवशी टेबलाजवळ कोण होतं?" काका नुसते चपलेकडे बघत राहिले. सरांनी पुन्हा कागदाकडे पाहिलं, मग टेलिफोनकडे. मला वाटतं, आपण फोनवर होतो तेव्हा लॅबमध्ये कोण कोण होतं, हे त्यांना त्या वेळी आठवलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"ठीक आहे," ते म्हणाले. "तुम्ही सगळे जा."

एवढंच. चूक झाली, असं कोणी म्हटलं नाही. त्यांना ते म्हणता आलं असतं. त्यांचा घसा चांगला होता, सभा गाजवायचे.

पुढच्या पगाराला कपात थांबली. आधीचे पैसे मात्र नव्हते. मी सुपरवायझरला विचारलं.

"सरांनी सांगितलंय, कापू नको," तो म्हणाला. "कापलेलं परत दे असं कुठे सांगितलंय? आणि तू माझी चुगली केलीस. काम ठेवलं तेच नशीब समज."

त्याने मला का काढलं नाही, हे मला उशिरा समजलं. काढलं असतं तर मी नागपूर आणि हजेरी मोठ्या ऑफिसात बोलले असते, आणि सरांनाही ते नको होतं, कारण मग कुंकू कोणाचं हा प्रश्न निघाला असता. दोघांनाही मी गप्प हवी होते. गप्प बसायला मला कोणी शिकवायची गरज नव्हती. फक्त या वेळी मी कशासाठी गप्प बसायचं ते ठरवलं.

पगाराच्या दिवशी आम्ही सगळ्या बायका एका तक्त्यावर सही करून पैसे घेत असू. तो तक्ता संस्थेच्या ऑफिसात गेल्याशिवाय ठेकेदाराचं बिल निघत नसे, आणि तक्त्यावर एक जागा जरी रिकामी असली तरी कारकून तो परत पाठवी. माझी पाळी आली तेव्हा मी पेन घेतलं नाही.

"सही कर."

"कापलेले पैसे द्या, मग करते."

"पगारही नको?"

"नको."

मागच्या बायका कुजबुजल्या. एक म्हणाली, "कर ना ग बाई, आम्हाला उशीर होतो." तो हसला. "चौथी शिकलेलीची सही नसली म्हणून जग थांबतं काय?"

जग थांबलं की नाही माहीत नाही. बिल थांबलं.

त्या महिन्यात आमच्या घरी झेरॉक्सच्या पैशांवर चूल पेटली. मुलगी भाकरी मोजून करायला लागली. सुपरवायझर रोज लॅबच्या दाराशी यायचा. एकदा म्हणाला, तुला पोलिसात देतो. एकदा म्हणाला, तू मला बहिणीसारखी. मग म्हणाला, अर्धे घे, अर्धे गुढीपाडव्यानंतर. मी फडकं पिळत राहिले.

मध्येच काका एक पिशवी घेऊन आले. "वहिनींनी साडी पाठवलीय तुम्हाला. गुढीपाडव्याची भेट म्हणून."

"जरीची आहे का?"

काकांना हसू आलं, पण ते हसले नाहीत.

"वहिनींना सांगा, माझ्याकडे साड्या आहेत."

"अहो, चांगल्या मनाने पाठवलीय."

"माहीत आहे मला, चांगलं मन कसं असतं ते. परत न्या."

स्फटिक जर्मनीहून घासून परत आला होता. सरांनी खर्च कुठल्याशा प्रकल्पातून केला. तो यंत्रात गेला, तापवला, साफ केला, पुन्हा तापवला. एका सकाळी ताईने मला पडद्यापाशी बोलावलं. काळ्यावर पांढुरक्या दोन वाट्या, एकमेकींत अडकलेल्या, काठ स्वच्छ वेगळे. फळ्यावर काढल्या होत्या तशाच. मी बराच वेळ पाहिल्या. ज्या गोष्टीसाठी एवढं सगळं झालं ती खरीच होती, आणि सुंदर होती. राग तेवढाच होता, तरी सुंदर होती.

ताई हळू आवाजात म्हणाली, "मावशी, तुम्ही त्या दिवशी नव्हता, हे मला माहीत होतं. कचऱ्याची टोपली भरून सांडली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"सर माझे गाइड आहेत. सबमिशन त्यांच्या सहीवर आहे." मग पडद्याकडे बोट करून म्हणाली, "आपलंही असंच असतं ना. ज्या दिशेला जायचंय, तिकडे वळावं लागतं."

"तसं नसतं," मी म्हटलं. "त्यांना दुसरं काही करताच येत नाही. तुम्हाला येत होतं."

मी बादली उचलली. त्यानंतर आम्ही बोललो नाही. कामापुरतंही नाही. ती टोपली दाराबाहेर ठेवायची, मी ती उचलायची.

सुपरवायझर पगाराच्या तारखेआधीच आला. त्याला वरून ठेकेदाराचा दम मिळाला असावा, कारण स्कूटर बंद न करताच आत आला. त्याने व्हरांड्यातल्या बाकावर तक्ता ठेवला, खिशातून पाकीट काढलं आणि म्हणाला, "पगार आणि कापलेले, सगळे आहेत. आता नाटक पुरे."

"नोटा बाहेर काढा."

"विश्वास नाही?"

"नाही."

त्याने काढल्या. मी बाकावर बसून मोजल्या. तो बघत होता, काका दारातून बघत होते, सर जिना उतरता उतरता थांबले आणि पुन्हा वर गेले. पगार बाजूला काढला, कापलेले बाजूला काढले. एक नोट फाटकी होती. ती बदलून मागितली. त्याने शिवी तोंडातल्या तोंडात दिली आणि बदलून दिली. मग मी पेन घेतलं आणि माझ्या जागी सही केली. कापलेले पैसे सगळे परत आले होते.